आठ दिवस टिकणारा रंग

"कितव्या दिवशी?"

"तिसऱ्या," मोनालीनं खाली मान घालून सांगितलं. मग लगेच वर केली. "पण आक्का, यात माझी काय चूक?"

गोदाआक्का नखांवरचे उडालेले टवके बघत होत्या.

गडहिंग्लजच्या बाजारगल्लीत, बांगड्यांच्या दुकानामागं त्यांचं दोन खुर्च्यांचं पार्लर. तालुक्यातल्या निम्म्या पार्लरवाल्या तिथंच शिकल्या. शिकून बाहेर पडायला आक्कांची एकच अट असे. छबूताईंच्या नखांवर नेलपॉलिश आठ दिवस टिकवून दाखवायचं.

छबूताई समोरच्या खानावळीत रोज दीडशे भाकऱ्या थापत.

मोनालीला ही अट म्हणजे पोरखेळ वाटला होता. तिच्याकडं पुण्याचा सहा महिन्यांचा डिप्लोमा होता, तोही काचेच्या फ्रेममध्ये. आक्कांकडं वर्षभर शिकून झालं होतं, नेसरी गावात दुकानाला गाळा ठरला होता, बोर्ड रंगवून झाला होता. आक्कांचा होकार तेवढा राहिला होता, आणि तो नसताना कुलूप उघडायला तिचा हात धजत नव्हता.

"बेस कोट भारीतला लावला," ती म्हणाली. "वरून टॉप कोट. तीन वेळा लावलं, तीन वेळा टवके उडाले. हातच तसे आहेत त्यांचे. भाकरीवाल्या हातांवर कुठला रंग टिकणार?"

छबूताई खुर्चीतच बसल्या होत्या. त्यांनी हात हळूच पदराखाली घेतले.

"ऱ्हाऊ दे की आक्का," त्या म्हणाल्या. "मला काय करायचाय रंग नि बिंग."

आक्कांनी त्या पदराकडं बघितलं. मग मोनालीकडं.

"लावायच्या आधी काय करतीस?"

"कोमट पाण्यात पंधरा मिनिटं हात भिजवते. मग क्रीमनं मालिश." मोनालीचा आवाज जरा चढला. "इथं कुणी एवढं करत नाही, आक्का."

"न्हाई करत... जा, न्हाणीचं दार बघून ये."

मोनाली आत गेली, तशीच परत आली.

"बघितलं. हिरवं आहे."

"वाकून बघ."

ती पुन्हा गेली. वाकली, मग गुडघ्यावर बसली. दाराचा रंग वर कसा नव्यासारखा होता, आणि खाली वीतभर सालपटं निघाली होती. नख लावलं की पापडासारखा तुकडा हातात येई.

"खालनं हात घाल," बाहेरून आक्कांचा आवाज आला.

तिनं दाराखाली बोटं सरकवली. कडेला लाकूड उघडंच लागलं. ओलं.

"खालच्या कडेला रंगच नाही, आक्का!"

"रंगाऱ्यानं उभ्या उभ्या रंगवलंय. गेल्या श्रावणात." आक्का सावकाश बोलत होत्या. "दार ओलं हाय, वाळू दे म्हटलं. तर म्हणतोय, मावशी, काळजी नको, भारीतला रंग हाय."

मोनालीचे कान तापले. भारीतला. शब्द तिचाच होता.

छबूताईंना मात्र राहवलं नाही. "आक्का, लाकूड पाण्यानं फुगतंय. वाळलं की आकसतंय. वरचा रंग बिचारा कुठं आकसणार? सुटतोयच त्यो."

मोनालीनं टबातल्या कोमट पाण्याकडं बघितलं, मग छबूताईंच्या नखांकडं. भिजून फुगलेल्या नखांवरच ती रंग लावत आली होती.

खानावळीतल्या बाईला जे कळत होतं ते आपल्या फ्रेममधल्या कागदाला कळलं नव्हतं, हे मोनालीला त्या क्षणी लख्ख कळलं. तोंडात कुणी मारलं असतं तरी तिला इतकं लागलं नसतं.

तिनं कोमट पाण्याचा टब न्हाणीत नेऊन पालथा घातला. क्रीमची बाटली कपाटात गेली. कापसावर रिमूव्हर घेऊन तिनं छबूताईंची दहाही नखं पुसली, तेलाचा अंशही उरणार नाही अशी. मग लाल रंगाचा एक हात दिला, इतका पातळ की छबूताई म्हणाल्या, "बाटलीत संपलाय व्हय गं?" तो वाळेपर्यंत ती थांबली. मग दुसरा हात, तसाच पातळ.

आणि मग ती स्टुलावरून उतरून फरशीवर बसली. छबूताईंची बोटं तिच्या डोळ्यांसमोर आली. नखांची टोकं, परातीला रोज घासणारी, जिथं वरून बघणाऱ्याची नजरच जात नाही. त्या कडांवरून तिनं ब्रशचं टोक फिरवलं. दहा वेळा.

आक्का बघत होत्या.

तिसऱ्या दिवशी दुपारी, चूल निवल्यावर, मोनाली आपण होऊन खानावळीत गेली. छबूताईंचे हात कोरडे करून तिनं नखांवर बिनरंगाचा टॉप कोट फिरवला. आजवर ती गिऱ्हाइकाकडं अशी कधी गेली नव्हती.

नवव्या दिवशी सकाळी छबूताई आल्या. हात पदराबाहेर होते. करंगळीचा एक टवका सोडला तर लाल रंग जिथल्या तिथं होता.

"आक्का," त्या म्हणाल्या, "ह्या आठवड्यात वाढताना हात लपवला न्हाई मी. पोरीचं लई उपकार झालं."

आक्कांनी करंगळीवरून नजर फिरवली आणि मान डोलावली. तेवढंच.

त्याच दुपारी मोनाली साडी आणि खणनारळ घेऊन आली. वाकून पाया पडली.

"आक्का, उद्यापासून मी यायची नाही..." तिनं साडी पुढं केली. "तुम्ही मला... मी काय देऊ तुम्हाला?"

आक्कांनी साडी बाजूला ठेवली. टेबलावर टॉवेल पसरला आणि आपले दोन्ही हात त्यावर ठेवले. हात थरथरत होते.

"लाव."

मोनाली बघतच राहिली. साऱ्या तालुक्याला नखं रंगवायला शिकवणाऱ्या या बाईची स्वतःची नखं कोरी होती. हाताला कंप सुटल्यापासून त्यांना स्वतःला लावता येत नव्हतं, आणि दुसऱ्या कुणी विचारलं नव्हतं. वर्षभर ती रोज या हातांसमोर बसली होती. तिनंही नाही विचारलं.

ती फरशीवर बसली. कापसानं एकेक नख पुसलं.

"कुठला रंग लावू?"

"छबूचा."

तिनं बाटली उघडली आणि आक्कांचा अंगठा हातात घेतला. तो थरथरता अंगठा नीट धरता धरता तिचं मन भरून आलं. आपल्याला किती मिळालं आणि आपण किती कमी बघितलं, या विचारानं तिला आवरेना. डोळ्यांतला एक थेंब आक्कांच्या नखावर पडला. मग दुसरा.

आक्कांनी ओल्या नखाकडं बघितलं.

"भिजवलंस न्हवं?... आता आज रंग धरायचा न्हाई. उद्या ये."