सुकाणू गावात जातं

लाकडं-कापडं बोलत असत त्या काळी एका होडीच्या सुकाणूने बंदरावर ऐकलं, "चांगुणाबाईच्या घराचं सुकाणू तिच्याच हाती आहे."

सुकाणू फुगलं. गावात आपली एवढी गरज असताना खाऱ्या पाण्यात कशाला कुजायचं? ते तडक तिच्या दारात गेलं.

"बाई, मी सुकाणू. आता घर हवं तिकडे वळवा."

चांगुणाबाई हसली. "घर वळवायला मला नुसती नजर पुरते रे. पण आलायस तर थांब." तिने बोंबलांच्या दोरीला त्याचा टेकू दिला.

तिथून त्याला आपली होडी दिसली. ती गोल गोल फिरत खडकाकडे चालली होती. सुकाणू धावत सुटलं आणि वेळेवर पोचलं.

दुसऱ्या दिवशी शीड म्हणालं, "नव्या सरपंचाच्या शिडात म्हणे वारा भरलाय. जाऊन येऊ का?"

"जा की," सुकाणू म्हणालं. "बोंबलांचा वास सोसतो ना तुला?"