सुभेदारांचा सरळ बांध

निवांत महाराज आंबेखार गावी येऊन राहिले, त्यानंतर वर्षा-दीड वर्षाने घडलेली ही हकिगत आहे. आंबेखार हे खाडीकाठचे चाळीस उंबऱ्यांचे आगरी गाव. एका अंगाला भातशेती, दुसऱ्या अंगाला खारे पाणी आणि दोहोंच्या मधे मातीचा वाकडातिकडा बांध. बांध आहे तोवर गाव आहे, अशी तिथली स्थिती. महाराज कोठले, कोणत्या कुळातले, हे कोणालाच ठाऊक नव्हते. एका सकाळी ते किनाऱ्यावरच्या उंडीच्या झाडाखाली कांबळे पसरून बसलेले दिसले, आणि मग तिथेच राहिले. बोलणे थोडे, हसणे पुष्कळ. कोणी भाकर आणून दिली की आधी विचारायचे, "घरी सगळे जेवले का?" आणि होकार आला तरच घास घ्यायचे.

त्या सुमारास संस्थानच्या राजेसाहेबांनी खाडीपट्ट्याचा सगळा कारभार सुभेदार जिवाजीपंत मायदेव यांच्या हाती दिला. पंतांची बुद्धी काय वर्णावी! बाराव्या वर्षी ते पंचांगातल्या चुका काढून दाखवीत. पाच भाषा त्यांच्या जिभेवर होत्या. एकदा ऐकलेला अर्ज महिन्यानंतर शब्द न् शब्द म्हणून दाखवीत. दरबारात त्यांच्याशी वाद घालायला कोणी उठत नसे; उठलाच तर आपले म्हणणे काय होते हेच विसरून खाली बसे. आणि ही बुद्धी नुसती मिरवायची नव्हती, हेही सांगितले पाहिजे. डोंगरापलीकडची दोन गावे त्यांनी काढलेल्या पाटावर जगत होती. फक्त एक होते. आपल्याहून कमी हुशार माणसाचे बोलणे पंतांच्या कानांवर पडे, आत जात नसे. आणि आपल्याहून हुशार माणूस त्यांना अजून भेटायचा होता.

पंत आंबेखारला आले, जुना बांध पाहिला आणि हसले. "हा बांध आहे की चालताना डुलक्या घेणाऱ्या माणसाची वाट?" त्यांनी दोऱ्या लावल्या, बांबू रोवले, महिनाभर भरती-ओहोटीची मापे घेतली आणि नवा बांध आखला. जुन्यापेक्षा खाडीत पुढे सरकलेला, काठीसारखा सरळ. लांबी निम्मी, शेते दीडपट. गावकरी चकित झाले. खरोखरच तो आराखडा पाहण्यासारखा होता.

गाव चावडीपुढे जमले. पंतांनी सगळे समजावून सांगितले आणि शेवटी म्हणाले, "जुना बांध आता नको. तो खणून त्याचीच माती नव्याला घालायची. कोणाला काही विचारायचे आहे?"

असे ते नेहमी विचारीत आणि उत्तराची वाट न पाहता उठत. पण त्या दिवशी मागून आवाज आला.

"पंत, मना काय तरी बोलायचंय."

ती चांगूबाय होती. जुन्या बांधात एक उघाडी होती. म्हणजे ओहोटीला उघडून शेतातले पाणी सोडायची आणि भरतीला बंद करायची लाकडी झडप. ती सांभाळण्याचे काम चांगूबायच्या सासऱ्यापासून त्या घराकडे होते. नवरा गेल्यावर तीस वर्षे तीच ते करीत होती. देवळात ती फारशी दिसत नसे. रोज पाणी सोडून परतताना उंडीच्या झाडाखाली थांबायची आणि सांगायची, "महाराज, सोडलं पानी." महाराज म्हणायचे, "छान केलंस." एवढीच तिची पूजा होती.

"बोल म्हातारे," पंत म्हणाले.

"तुमचा बांध बेस हाय. पन मधी, त्या तिवरांजवल, भुई खरी नाय. तय पयले खाडीची एक फाटी व्हती, ती गालानं भरलीय. मोठ्या उधानाला तय निवट्या वर येतात. मंजे पानी खालशी चालतं."

गाल म्हणजे गाळ, आणि निवटी हा चिखलात उड्या मारणारा बोटभर मासा. पंतांनी क्षणभर तिच्याकडे पाहिले आणि मग मोठ्याने म्हणाले, "ऐकलेत का? राजेसाहेबांना कळवले पाहिजे! यापुढे बांध घालायचा तर सुभेदाराला विचारू नका, निवटीला विचारा!"

शिपाई हसले. सुभेदार हसताहेत म्हणून गावकरीही हसले. चांगूबाय मात्र हात जोडून उभीच राहिली.

"मी अडानी बाय, पंत. नवा बांध घाला. जुना तेवढा एक पावसाला राहू द्या. मोठं उधान बघू नि मंग खनू."

"जुना ठेवायचा म्हणजे माझ्या गणितावर माझाच विश्वास नाही असे गावाला सांगायचे," पंत म्हणाले. "आणि हो, नव्या बांधाला दगडी उघाडी होणार आहे. तिच्यावर सरकारी शिपाई बसेल. तू आता घरी बस."

तीस वर्षांचे काम एका वाक्यात गेले. चांगूबाय रडली नाही. ती उंडीखाली जाऊन बसली आणि खाडीकडे पाहत राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पंत आखणी पाहत असताना महाराज काठी टेकीत तिथे आले. पंतांनी रीतीपुरता नमस्कार केला.

"पंत, बांध सुरेख होणार," महाराज म्हणाले. "एकच विचारतो. तुम्ही चुकलात तर?"

"मी चुकत नाही, महाराज."

"म्हणून तर विचारतो. आम्हांला चुकायची सवय असते. आम्ही पडण्याआधीच हाताशी काहीतरी धरून ठेवतो. तुम्ही काय धरले आहे?"

पंतांना ते बोलणे भाबडे वाटले. "मोजमाप धरले आहे," ते म्हणाले आणि दोरीकडे वळले. महाराज हसले आणि आल्या वाटेने परत गेले.

वैशाखात बांध पुरा झाला. जुना बांध खणून सपाट केला गेला. पाऊस आला, भात लागले, श्रावणात शिवार कमरेएवढे हिरवेगार झाले. एकामागून एक उधाणे आली, बांधाला लागली आणि परत गेली. लोक पंतांचे नाव घेऊ लागले. कोणी कोणी चांगूबायला चिडवीतही असे, "काय गो, तुझ्या निवट्या काय बोलतात?" ती म्हणायची, "चांगलंच हाय ना बाबा, मी खोटी पडले तं." आणि हे ती मनापासून म्हणत होती, यात शंका नको.

वर्षातले मोठे उधाण पिठोरी अमावास्येला भर दुपारी यायचे होते. पंतांनी आठ दिवस आधी दगडी उघाडीवर चुन्याची एक रेघ ओढून घेतली आणि दवंडी दिली, "पाणी या रेघेपर्यंत चढेल, बोटभरही वर जाणार नाही. सगळ्यांनी पाहायला यावे."

सगळे गाव बांधावर जमले. सूर्य डोक्यावर आला. खाडी फुगत फुगत वर आली, रेघेला टेकली आणि तिथेच थांबली. बोटभरही वर नाही! लोकांच्या तोंडून वाहवा निघाली. पंतांना त्या क्षणी जे वाटले, ते देवालाही क्वचितच वाटत असेल.

सगळ्यांची तोंडे खाडीकडे होती. चांगूबाय एकटी शेताकडे पाहत उभी होती. ती ओरडली, "निवट्या!"

बांधाच्या आतल्या बाजूला, खाडीतून नव्याने काढलेल्या जमिनीच्या चिखलात, बोटभर मासे टणाटण उड्या मारीत होते. पाठोपाठ जमिनीतून गढूळ पाणी उसळू लागले. चुलीवर भात रटरटावा तसे. लोक पाहत होते तोच बांध मधोमध हातभर खचला. मग दोन हात. खाडीचे पाणी त्या खळग्यातून आत डोकावले.

एकच आकांत उडाला. पाणी आत शिरले तर हाताशी आलेले पीक जाणार होतेच, पण जमिनीत मुरलेले मीठ पुढची तीन वर्षे दाणा पिकू देणार नव्हते. आणि अडवायला मागे जुना बांध नव्हता.

"तोंड बुजवा!" पंत गरजले. "दगड टाका त्या झऱ्यावर!"

माणसे धावली. दगड टाकले. चिखलाने ते गिळले आणि पाणी शेजारून दोन ठिकाणी उसळले. त्यांवर टाकले, तर आणखी तीन ठिकाणी. सगळे वळून पंतांकडे पाहू लागले. पंतांनी डोळे मिटून विचार केला. उंची ठाऊक होती, वेळ ठाऊक होती, मातीचे माप ठाऊक होते. पुढे काय, ते मात्र येईना. जन्मात पहिल्यांदा त्यांचे डोके त्यांना उत्तर देत नव्हते.

"महाराज!" चांगूबायने हाक मारली. "धावा हो, गाव चाललं!"

महाराज उंडीखालून उठले. घाई नाही, गडबड नाही. बांधावर आले, खचलेल्या जागी उतरले आणि खाडीकडे पाठ करून बसले. दुपारचे जेवून माणसाने आपल्या ओटीवर टेकावे तसे बसले! पाणी त्यांच्या पाठीवर आदळले, खांद्यांशी उसळले. पण त्यांच्या दोन्ही बाजूंनी फुटू पाहणारा लोंढा थबकला.

"पंत," महाराज म्हणाले, "आता काय करायचे?"

"मला... मला सुचत नाही, महाराज."

"मग विचारा."

"कोणाला विचारू?"

महाराजांखालचा बांध आणखी खचला, पाणी त्यांच्या गळ्याशी आले. पंतांना उत्तर कळले होते. दहा पावलांवर ती उभी होती. ज्यांनी दरबारात भल्याभल्यांना गप्प बसवले त्या जिवाजीपंतांना ती दहा पावले टाकवेनात. आजूबाजूला शिपाई होते, त्या दिवशी हसलेले सगळे लोक होते. पाणी महाराजांच्या हनुवटीला लागले. महाराज मात्र पंतांकडे इतक्या मायेने पाहत होते, की पंतांच्या डोळ्यांना धारा लागल्या. ते चिखलात उतरले, चांगूबायपुढे जाऊन उभे राहिले आणि म्हणाले,

"चांगूबाई, माझी बुद्धी चालत नाही. तुम्हीच सांगा, काय करू?"

काय सांगावे! तो शब्द तोंडातून निघाला आणि खाडी जिथल्या तिथे थांबली. महाराजांच्या मागून उसळलेली लाट त्यांच्या डोक्याच्या वर हातभर उंच, पाण्याच्या भिंतीसारखी उभी राहिली. काचेसारखी नितळ. त्यात तिवराचे एक पान तरंगत होते, तेही हलेना. तिथे असलेल्या प्रत्येकाने हे आपल्या डोळ्यांनी पाहिले.

चांगूबायला मात्र ते पाहायला सवड नव्हती. "पंत, पानी दाबू नका," ती भराभर बोलू लागली. "तोंड बुजवाल तं दुसरीकडून निंगंल. त्याला येऊ द्या नि आतल्या अंगानं कडं घाला, विहिरीला घालतात तसं. पेंढा नि तिवराच्या फांद्या आंथरा, वर चिकन माती. कड्यात पानी चढंल नि आपोआप गप बसंल."

पंतांचा चेहरा एकदम उजळला. "म्हणजे आतले पाणी बाहेरच्याइतके चढले, की जोर करायला काही उरणारच नाही! चांगूबाई, अहो, हे मला का नाही..." वाक्य तिथेच टाकून ते वळले. आणि मग ती बुद्धी जी धावली म्हणता! कड्याचा घेर किती, त्याला माती किती, हातात माणसे किती, हे त्यांनी उभ्या उभ्या मनात मांडले. शंभर माणसे चार रांगांत उभी केली. घराघरांतून पाट्या आणि फावडी आणवली, बायकांना पेंढ्यावर लावले, शिपायांना तिवरे तोडायला पिटाळले. प्रत्येक थर टाकण्याआधी ते विचारीत, "चांगूबाई, एवढे पुरे?" ती म्हणे, "अजून टाचेनं दाबा." मग सुभेदार स्वतः वहाणा फेकून टाचेने चिखल तुडवीत.

चार घटकांत अर्धचंद्रासारखे कडे उभे राहिले. आत पाणी चढत गेले, बाहेरच्याच्या बरोबरीला आले, आणि उसळणारे झरे एकेक करून शांत झाले. त्याच वेळी महाराजांमागची भिंत हळूच खाली उतरली. ओहोटी लागली होती. महाराज उठून उभे राहिले. छातीवर चिखल होता. पाठ मात्र कोरडी ठणठणीत!

पंत धावत त्यांच्याकडे गेले. "महाराज, ही बुद्धी घेऊन टाका माझ्याकडून. हिनेच आज गाव बुडवले असते."

"घेऊन कशाला टाकू?" महाराज हसून म्हणाले. "शंभर माणसे चार रांगांत कोणी उभी केली? मला जमले नसते. हिला तर मुळीच नाही. देवाने तुम्हांला सगळ्यांहून जास्त दिले आहे, पंत. पण ज्याच्या एका शब्दाने बांध पडतात आणि उभे राहतात, त्याला जरा जास्त वेळ ऐकावे लागते. बुद्धी एवढी थोरली आणि ऐकायला जागाच नाही, तर ती एकट्याची राहते. एकट्याला सगळे कसे दिसणार?"

"माझे चुकले," पंत म्हणाले. आयुष्यात त्यांनी हे शब्द प्रथमच उच्चारले असावेत, कारण बोलताना ते अडखळले. "जुना बांध मी पुन्हा घालून देईन. आणि उघाडी चांगूबाईंचीच राहील." असे म्हणून ते पाया पडायला वाकले.

महाराजांनी दोन्ही पाय मागे घेतले. "आधी तिकडे."

पंत वळले. साऱ्या गावादेखत, शिपायांदेखत, पाच भाषांचा तो पंडित, त्या खाडीपट्ट्याचा धनी, गुडघाभर चिखलात वाकला आणि त्याने चांगूबायच्या पायांवर डोके ठेवले. ती बिचारी ओशाळून मागे सरली. "अवो उठा पंत, पागोटं भरंल चिखलानं!"

"भरू दे, बाई," पंत म्हणाले, आणि कितीतरी वेळ उठले नाहीत.

मग महाराजांनी पुढे होऊन त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. त्या हाताचा स्पर्श आपल्याही पाठीला कधीतरी व्हावा आणि त्या वेळी आपल्यालाही वाकता यावे, एवढेच मागणे निवांत महाराजांच्या चरणी ठेवून आपण हात जोडू या.