आरशासारखी होडी

गेल्या हंगामात गजाशेठच्या होडीत पाणी भरलं आणि माझा थोरला लेक धाकू बुडाला. यंदा धाकटा हिरोजी त्याच होडीवर खलाशी म्हणून जाणार होता. शेठनं शहरातून माणसं आणून होडी घासली, रंगवली, वरून चकचकीत लेप दिला.

"बघ म्हातारे, आरसा झालाय! थेंब आत शिरणार नाही."

"फटी बुजवल्यात का, शेठ?"

"तुला काय कळतं होडीतलं?"

"मला नाही बाई कळत होडीतलं. मी आपली मडकं घेताना पाणी भरून बघते. पण तुम्ही उन्हात का उभे? होडीच्या सावलीत टेका जरा."

होडी ओंडक्यांवर चढवलेली होती. शेठ तिच्या पोटाखाली नवरदेवासारखे ऐसपैस बसले. पाण्याच्या कळशा घेऊन थांबलेल्या बायकांना मी खूण केली. त्यांनी कळशीवर कळशी होडीत ओतली. थोड्याच वेळात शेठच्या पांढऱ्या टोपीवर धार लागली.

"अगं, गळतंय! गळतंय!" शेठ ओरडतच बाहेर आले.

"टोपी भिजली तर सगळ्या बंदराला ऐकू गेलं, शेठ," मी म्हटलं. "माझा धाकू ओरडला असेल, तेव्हा ऐकायला कुणी नव्हतं."

हसलं कुणीच नाही. शेठनं टोपी काढली आणि फटी बुजवायला सुतार बोलावला.