मुका सुरा

फार पूर्वी, डोंगराच्या कुशीत एक वस्ती होती. वस्तीच्या खाली भाताची खाचरे होती आणि वर रान होते. पावसाळ्यात खाचरे राबवून घेत आणि उरलेले वर्ष रान पोसत असे.

त्या रानात हिरडा होता, मध होता. तसाच बिबळ्या होता, डुक्कर होते आणि अस्वलही होते. म्हणून वस्तीतला कोणीही, बाई असो वा पुरुष, कोयत्यावाचून रानात पाऊल टाकीत नसे.

कोयता बाळगण्याची त्यांची एक रीत होती. कमरेला दोरी, दोरीला पाठीमागे लाकडाची आकडी आणि त्या आकडीत अडकवलेला कोयता. माणूस चालू लागला की पाते लाकडावर आपटे आणि खट् खट् असा आवाज होई. वेल तोडावा, काटे दूर करावेत, वेळ आलीच तर जीव वाचवावा, यासाठी कोयता. पण त्याचे निम्मे काम तो हातात न घेताच होत असे. तो आवाज ऐकून जनावर आधीच वाट सोडी. कारवीच्या दाट जाळीत दोन माणसे समोरासमोर आली, तर दिसण्यापूर्वी ती एकमेकांना ऐकू येत. वाजेल ते माणूस, न वाजेल ते जनावर, हे तिथली मुले बोलायच्या आधी शिकत.

वस्तीच्या मुख्याला सगळे गावकर म्हणत. तो न्यायी होता, देवाला भिऊन वागणारा होता. त्याला सगुणा नावाची एकच लेक होती. बाकीची लेकरे देवाने दिली होती आणि देवानेच माघारी नेली होती. त्यामुळे या एका पोरीपायी त्याचा जीव सदा टांगणीला लागलेला असे.

एके दिवशी धाकू नावाच्या मध काढणाऱ्या गड्याला अस्वलाने फाडले. लोकांनी त्याला घोंगडीत घालून खाली आणले. गावकराने घोंगडी बाजूला केली. धाकूला चेहरा असा उरलाच नव्हता. त्या रक्तामांसातून एक डोळा तेवढा शाबूत होता, आणि तो गावकराकडे पाहत होता.

धाकू जगला. परंतु त्या क्षणापासून गावकराला त्या डोळ्याच्या जागी आपल्या लेकीचा डोळा दिसू लागला.

संध्याकाळी रानदेवीच्या देवळापुढे वस्ती जमली. देवळाची सेवा करणारा म्हातारा गुरव म्हणाला, "धाकूचा कोयता झाडाच्या बुंध्यात रोवलेला सापडला. रिकाम्या कमरेनं तो झऱ्यावर गेला. हा आलेला अस्वलाला कळलंच नाही. तेही दचकलं."

"गुरवकाका, उद्या अस्वलाचं गाऱ्हाणं ऐकायला त्याला देवळात बसवाल तुम्ही!" गावकर म्हणाला.

"बसवीन की. तुमच्यापेक्षा गप्प बसेल ते."

लोक हसले. गावकर हसला नाही. तो उठून उभा राहिला.

"पाठीवरच्या कोयत्याकडे हात जाईतो जनावर गळ्याशी येतं. यापुढे आकड्या उतरवा. प्रत्येकानं पुढे, पोटाशी, चामड्याच्या म्यानात सुरा बांधायचा. पाऊल वाजवायचं नाही, हाक मारायची नाही. आपण आल्याचं त्याला कळूच द्यायचं नाही. हललं की वार."

"गावकर," गुरव हळूच म्हणाला, "सुरा कमरेला बांधा, देवी काही म्हणणार नाही. पण तुम्ही तो काळजाला बांधताय."

"काका, तुम्हाला लेक नाही."

  मग एकेकाने आपली आकडी सोडली, आणि देवळाच्या ओसरीवर लाकडांचा ढीग पडला.

लोहाराचा भाता दिवसभर चालू लागला. सुरे झाले, म्याने झाली. गावकराने अंगणातल्या आंब्याला पेंढ्याचा भारा टांगला आणि सगुणेला वार करायला शिकवू लागला.

"अहो, पोर हिरडा वेचायला जाते की लढाईला?" बायको चुलीपुढून म्हणाली.

"तू भाकरी थाप."

"थापते. पण त्या पेंढ्याची दया येते हो मला. तो बिचारा काही करत नाही."

सगुणा खुदकन हसली. गावकराने तिच्याकडे पाहताच तिने हसू आवरले.

"पाऊल कसं टाकायचं?"

"वाजू न देता."

"मागं काही हललं तर?"

"विचारायचं नाही. वळायचं आणि मारायचं."

एवढे बोलून ती थांबली. सुऱ्याच्या मुठीकडे पाहत तिने विचारले, "आबा, आणि माणूस असलं तर?"

"माणूस असेल तर ते बोलेल," गावकर म्हणाला. ती घरात गेली तरी तो पेंढ्यापुढेच उभा राहिला. आपण पोरीला उत्तम राखण दिली, असे त्याला वाटले. त्या रात्री त्याला बऱ्याच दिवसांनी झोप लागली.

रानात मात्र शांतता पसरली. बायका हिरडा वेचताना गात असत, ते गाणे थांबले. पुरुष चालता चालता मागे वळून पाहू लागले. कोणाच्याही नजरेला नजर मिळेना. सगळ्यांच्या कमरेला सुरे होते, आणि पूर्वी कधी नव्हती इतकी भीती होती. पण कोणी हे बोलून दाखवीत नव्हते. कारण बोलेल तो भित्रा ठरला असता.

मग तो दिवस आला. बायका सकाळीच वरच्या अंगाला हिरड्यांकडे गेल्या होत्या, सगुणाही त्यांच्यात होती. गावकर खाचरांकडे निघाला, तो त्याला ओढ्याच्या ओल्या मातीत अस्वलाचे पाऊल दिसले. बोटांच्या ठशांत अजून पाणी भरत होते. पाऊल वरच्या अंगाला वळले होते.

त्याने खाचरांचा नाद सोडला आणि सुरा उपसून तो चढाला लागला. तोंडात देवीचे नाव होते. डोळ्यांपुढे धाकूचा चेहरा होता. झऱ्यापाशी त्याला दुसरा ठसा दिसला. तो वाकला. ठशात बोट घालून तो किती ताजा आहे, हे पाहू लागला.

पाठीमागे कारवी हलली.

गावकराचे कान आपोआप टवकारले. मिसरूड फुटण्याआधीपासून त्या कानांना एकच पारख ठाऊक होती. लाकडावर पाते वाजते का, हे त्यांनी ऐकून पाहिले. काही वाजले नाही. पुन्हा पाला हलला, अगदी जवळ. काहीच वाजले नाही.

न वाजेल ते जनावर.

तो वळला आणि त्याने सगळ्या बळानिशी वार केला.

वार बसला. पात्याला हाड लागल्याचे मनगटाला कळले. मग त्याच्या कानावर शब्द आला, "आबा."

सगुणा समोर उभी होती. तिने चेहऱ्यापुढे उजवा हात धरला होता, आणि तो हात कोपराखाली उघडा पडला होता. तिच्या तोंडावर रागही नव्हता, भीतीही नव्हती. काय झाले हे तिला अजून उमगलेच नव्हते. हाक मारायची नाही म्हणून तिने हाक मारली नव्हती. पाऊल वाजवायचे नाही म्हणून ते वाजू दिले नव्हते. अस्वलाचा माग दिसला, तो सांगायला ती खाली निघाली होती, आणि झऱ्यापाशी बाप दिसला म्हणून त्याच्याजवळ आली होती. त्याने सांगितलेले तिने अक्षरशः पाळले होते.

गावकर तिच्याकडे पाहत राहिला. नवा हुकूम त्याच्या जिभेने दिला होता. त्याच्या कानांना मात्र तो कोणी सांगितलाच नव्हता. बोलणे बदलले होते, ऐकणे जुनेच राहिले होते. हे त्याला आत्ता, या झऱ्यापाशी, लेकीच्या रक्तात उभे राहून कळत होते.

तिचे गुडघे वाकले तेव्हा तो भानावर आला. डोक्याचे मुंडासे सोडून त्याने डाव्या हाताने आणि दातांनी तिचा हात करकचून बांधला आणि तिला खांद्यावर उचलून तो उतार धावत सुटला.

देवळापाशी माणसांनी त्यांना पाहिले.

"अस्वल! गावकरांच्या पोरीला अस्वलानं धरलं!"

बघता बघता सगळे पुरुष गोळा झाले. म्यानांतून सुरे निघाले. सर्वांच्या पुढे धाकूचा धाकटा भाऊ होता. त्याचे डोळे तांबडे झाले होते.

"गावकर, कुठं आहे ते? कुठल्या अंगाला?"

 गावकराने तोंड उघडले, पण शब्द फुटला नाही.

तेव्हा त्याच्या खांद्यावरून सगुणा क्षीण आवाजात म्हणाली, "अस्वलच होतं. वरच्या झऱ्यापाशी."

 गावकराने तिच्याकडे पाहिले. तिने डोळे मिटून घेतले होते. ज्या हाताने तिला तोडले, त्या हाताची अब्रू ती झाकत होती.

"चला!" धाकूचा भाऊ ओरडला. "दिसेल ते कापून काढू!"

माणसे वळली आणि चढाकडे निघाली. गावकर उभाच होता. त्याने काही बोलायचे नव्हते, एवढेच पुरे होते. लेकीने बापाला वाचवले होते. गावकरपण राहिले असते, मान राहिला असता, आणि अस्वलाला विचारायला कोण जाणार होते?

पण वर, त्याच झऱ्यापलीकडे, वस्तीच्या बायका होत्या. कोणाची आई, कोणाची बहीण. धाकूच्या भावाची नवी नवरी त्यांतच होती. त्या बोलणार नव्हत्या. त्या वाजणार नव्हत्या. आणि ही माणसे कारवी हलताच वार करणार होती.

"थांबा!"

कोणी ऐकले नाही.

"थांबा! देवीची आण आहे! अस्वल नव्हतं. मी मारलं. माझ्या पोरीला मी मारलं."

सगळे जागच्या जागी खिळले. धाकूचा भाऊ मागे आला. "गावकर, धक्का बसलाय तुम्हाला. काहीबाही बोलताय."

"आबा, नका," सगुणा पुटपुटली.

गावकराने आपली मूठ पुढे केली. सुरा अजून मुठीतच होता. तो खाली टाकायचे त्याला सुचले नव्हते, आणि आता बोटे उघडत नव्हती. गुरवाने पुढे होऊन एकेक बोट सोडवले. पाते उन्हात धरले, तेव्हा त्यावर लेकीच्या हातातल्या हिरव्या बांगडीची काच चिकटलेली सर्वांनी पाहिली.



मग धाकूचा भाऊ मटकन खाली बसला. "काल गोठ्याच्या मागं आई उभी होती," तो म्हणाला. "मी सुरा उगारला होता. तिच्या पदराला लागला. मी कोणाला बोललो नाही."

"माझा बैल," दुसरा म्हणाला. "लांडग्यानं नेला असं सांगितलं मी. माझ्याच हातानं गेला तो."

तिसऱ्याने नुसतेच तोंड ओंजळीत लपवले. त्याने काय केले होते, हे त्याला कोणी विचारले नाही. इतक्या थोड्या दिवसांत इतक्या घरांत हे शिरले होते, आणि प्रत्येक घर दार लावून बसले होते! माणसे एकमेकांकडे अशी पाहू लागली, जणू ती पहिल्यांदाच भेटत होती.

गुरव देवळात गेला आणि त्याने देवीचा ढोल वाजवायला घेतला. तो सणावाचून वाजत नसे. वरच्या रानातल्या बायका काय झाले म्हणून धावत खाली आल्या. एकेक पुरुष आपापल्या माणसाला डोळ्यांनी शोधत होता. आणि सापडले, तरी जवळ जायला त्याचे पाऊल उचलत नव्हते.

सगुणा वाचली. वैद्याने हात राखला, पण त्यातली शक्ती राखणे त्याला साधले नाही. उजव्या हाताची बोटे पुन्हा कधी मिटली नाहीत. गावकराने दुसऱ्याच दिवशी आपला हुकूम मागे घेतला आणि गावकरपणही खाली ठेवले. वस्तीने त्याला शिक्षा केली नाही. त्याने शिक्षा मागितली होती. पण द्यायला पुढे येईल असा निर्मळ हात त्या दिवशी वस्तीत निघाला नाही.

पुढे सगुणेचे लग्न ठरले. मांडवात कन्यादानाची वेळ आली. भटजींनी सांगितले, "लेकीचा उजवा हात हातात घ्या आणि जावयाच्या हातात द्या."

बापाने तो हात हातात घेतला. कोपराखालचा तो लांब वण सगळ्या मांडवाने पाहिला. त्याने हात जावयाच्या हातावर ठेवला आणि वरून पाणी सोडले. सगुणेने बोटे मिटायचा प्रयत्न केला. ती मिटली नाहीत. पाणी उघड्या बोटांमधून खाली गळून गेले. बाप खाली मान घालून ते पाहत राहिला.

लहानथोरांनी एवढे ध्यानी धरावे: जो हात ओळखण्याआधी उठतो, तो ज्याला राखायचे त्यालाच आधी तोडतो.