राहून गेलेले कर्म

पूर्वी शूर्पारक नगरात महीसेन नावाचा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व एका सागरी व्यापाऱ्याच्या कुळात जन्मला. वडिलांच्या मागे घर, वखार आणि म्हातारी आई त्याच्या वाट्याला आली. उत्पला नावाच्या मुलीशी त्याचे लग्न झाले. दोघांचे एकमेकांवर फार प्रेम होते, पण ते बोलून दाखवायची त्या घरात पद्धत नव्हती.

एका हिवाळ्यात पूर्णक नावाच्या भागीदाराबरोबर बोधिसत्त्व चंदन विकायला परदेशी निघाला. उत्पला धक्क्यावर उभी होती. वारा अनुकूल होता, नावाडी ओरडत होते आणि पूर्णक दोर सोडायची घाई करीत होता. बोधिसत्त्व एवढेच म्हणाला, “येतो. सांभाळ.”

त्याच्या मनात होते, स्वतःला सांभाळ. पण घाईत क्रियापद तेवढे सांगितले गेले आणि कर्म राहून गेले. माणसाचे असे बरेचदा होते, आणि राहिलेले कर्म कधी ना कधी फेडावे लागतेच.

उत्पलेने ते वाक्य आपल्या परीने पुरे केले. तिला वाटले, घर सांभाळ, वखार सांभाळ, माणसे सांभाळ. सासूला दमा होता. तिला दोन्ही वेळा काढा मिळू लागला. वखारीतल्या गड्यांना मजुरी वेळेवर मिळू लागली, तेव्हा प्रथम ते घाबरलेच. एका हमालाची बायको बाळंत झाली, तिच्याकडे तूप गेले. उत्पलेने स्वतःच्या पानात मात्र ते कधी वाढून घेतले नाही. तूप दुसऱ्याला दिले की दान होते आणि स्वतः खाल्ले की नासाडी, असा तिचा हिशेब होता. ती सगळ्यांच्या शेवटी जेवी. त्या घरातला स्वयंपाक इतका चांगला होई की शेवटी काही उरत नसे.

उन्हाळ्यात तिला बारीक ताप येऊ लागला. पण आजारी पडायचे काम घरात इतरांकडे होते. तिला सवड नव्हती. नगरातल्या बायका म्हणत, “सून असावी तर अशी.” कौतुकाला खर्च येत नाही, म्हणून ते भरपूर झाले.

तिकडे परदेशातल्या बंदरात शूर्पारकाचा एक नावाडी बोधिसत्त्वाला भेटला. बोधिसत्त्वाने खुशाली विचारली.

“सगळं झकास आहे शेठजी. वखार भरलेली, आईसाहेबांचा दमाही बरा.”

“आणि आमची मंडळी?”

“वहिनी ना? त्या काय, करतात सगळ्यांचं.” मग नावाडी म्हणाला, “वाळल्यात फार.”

बोधिसत्त्वाने त्याच दिवशी आपल्या वाट्याचे चंदन पूर्णकापुढे ठेवले. भाव चढत होता. थोडे थांबला असता तर दुप्पट मिळाले असते.

“बायको वाळली म्हणून निम्म्या भावात चंदन विकणारा व्यापारी मी पहिल्यांदाच पाहतोय,” पूर्णक हसत म्हणाला.

“आणि घेणारा?”

“घेणारा तर तू रोजच पाहतोस,” असे म्हणून पूर्णकाने चंदन आपल्याकडे ओढले.

बोधिसत्त्व मिळेल त्या गलबताने घरी आला. उत्पला दारातच उभी होती आणि तो पाय धुतो तोवर तिने सगळे सांगायला घेतले. वखारीतले तूप चांगल्या भावात गेले होते, आई आता जिना चढत होत्या. बोधिसत्त्व तिच्या हातांकडे बघत होता. बांगड्या मनगटावर राहत नव्हत्या, म्हणून तिने त्या कोपरापर्यंत सरकवून ठेवल्या होत्या.

“उत्पले, हे काय करून घेतलंस?”

“काय केलं? सगळं सांभाळलं की. तुम्हीच सांगून गेला होतात.”

“अगं, मी तुला सांभाळ म्हणालो होतो.”

“हो, मलाच म्हणालात. मी कुठे नाही म्हणतेय?”

“तुला म्हणजे, तुझ्याबद्दल म्हणालो होतो.”

 उत्पला हसली. “इश्श, मग तसं सांगायचं नाही का!” हसता हसता तिला खोकला आला आणि तो लवकर थांबला नाही.

वैद्याने नाडी पाहिली आणि ओसरीवर येऊन तो म्हणाला, “फार उशीर झाला. मी आईंसाठी नेहमी येत होतो. यांनी माझ्यापुढे हात केला, तो फक्त दक्षिणा देण्यापुरता.”

बोधिसत्त्वाने वखारीची किल्ली जुन्या गड्याकडे दिली आणि तो उत्पलेच्या उशाशी बसला. तांदळाची पातळ पेज करून तो तिला पळीने भरवू लागला.

“लोक हसतील रे,” आई म्हणाली.

“हसू देत. तू काढा घेतलास का?”

उत्पलेची तऱ्हा वेगळीच होती. पळी ओठांशी आली की ती विचारी, “आई जेवल्या?”

“जेवली.”

“गडी?”

“जेवले.”

“आणि तुम्ही?”

बोधिसत्त्वाने पळी आणखी पुढे केली. दोन दिवसांत त्याच्या पोटात अन्न गेले नव्हते. उत्पलेने तोंड मिटून घेतले. तेव्हा त्याच्या ध्यानात आले, की बायकोला ज्या वाटेवरून परत आणायला बसलो, त्याच वाटेने आपण निघालो आहोत. त्याने ती पळी स्वतः खाल्ली आणि दुसरी तिला दिली. मग रोज तसेच चालले, एका वाडग्यातून एक पळी त्याची, एक तिची. वर्षभरात खाल्ले नव्हते इतके उत्पलेने त्या दिवसांत खाल्ले. पण शरीर मागची भरपाई स्वीकारत नव्हते.

एका सकाळी पेज अर्धी झाली असताना तिची मान कलली. पाळी तिची होती. बोधिसत्त्व पळी धरून बराच वेळ थांबला.

माणसे जमली तेव्हा तो भिंतीला टेकून उरलेली पेज खात होता. डोळ्यांना धार लागली होती, घास उतरत नव्हता, तरी एकेक पळी तो आत ढकलत होता.

“बायको गेली आणि हा जेवतोय,” एक बाई कुजबुजली.

बोधिसत्त्वाने पेज संपवली, तोंड पुसले आणि आईजवळ जाऊन तिचा हात हातात घेतला. तीही रडत होती. तिला धरायला कोणी तरी उभे राहायला हवे होते.

ही कथा विहारातल्या भिक्षूंना सांगून शास्ता म्हणाले, “भिक्षूंनो, तेव्हाचा पूर्णक म्हणजे आज विहाराला स्वस्तात धान्य दिल्याचे गावभर सांगत फिरणारा उपासक. आई म्हणजे ज्याच्या दम्याने विहार रोज जागा असतो तो वृद्ध भिक्षू. त्याची सेवा करता करता आपला ताप लपवणारा हा सोमिल, तीच उत्पला होय. आणि अर्धे वाक्य बोलून नावेत बसलेला व्यापारी मी होतो.”

बोधिसत्त्वाने त्या जन्मी मैत्री ही पारमिता, म्हणजे बोधीकडे नेणारा गुण, पाळली. सर्व प्राण्यांचे भले चिंतताना सगळे मोजले जातात. मोजणारा तेवढा स्वतःला धरायला विसरतो.