दादाच्या खोलीतली खुर्ची

एकेकाळी खंडणी उकळणारा सुदाम खरमाटे शिक्षा भोगून सुटला आणि त्याने टोळीतल्या दिवसांवर पुस्तक लिहिलं. गावच्या वाचनालयाने त्याचा सत्कार ठेवला, तर नगरसेवक आबासाहेब ढमढेरे तणतणत व्यासपीठावर चढले.

“या गुंडाचं पुस्तक कपाटात ठेवलंत तर वाचनालयाला टाळं ठोकीन! साफ खोटं लिहिलंय.”

सुदामचं डोकं सणकलं, पण आवाज त्याने खालीच ठेवला. “काय खोटं आहे, आबासाहेब?”

“सगळंच! म्हणे, भेटायला आलेल्याला टोळीचा दादा खुर्ची देतो! अरे हट्! त्याच्यासमोर खुर्चीवर बसायची कुणाची टाप आहे? भलेभले दाराबाहेर चपला काढतात आणि खाली फरशीवर बसतात!”

आबासाहेबांचा उगारलेला हात तसाच राहिला.

“बरोबर बोललात!” सुदाम कडाडला. “ती खुर्ची मी मुद्दाम खोटी लिहिली. त्या फरशीवर बसून आलेलाच ही चूक पकडणार, हे मला ठाऊक होतं. तिथे मीही बसलो आणि तुम्हीही बसलात. मी तिथून उठून तुरुंगात गेलो, तुम्ही थेट व्यासपीठावर आलात. आता ठोका खुशाल टाळं!”