लॅपटॉपबाईंची निवड

वीज मनाला येईल तेव्हा जायची, त्या काळची गोष्ट. आपण भंगारात गेलो तर पोटच्या पेनड्राइव्हचं काय होईल, या काळजीने वाचनालयातल्या जुन्या लॅपटॉपबाईंचा डोळा लागत नव्हता. वाचनालयाची वेबसाइट चालवायला तिथल्याच यंत्रांतून एक सर्व्हर निवडायचा होता; निवड झाली तर भंगार टळणार, म्हणून बाईही उभ्या राहिल्या.

“बाई, तुम्ही कशाला धडपडता?” नवा टोलेजंग कॉम्प्युटर हसला. तेवढ्यात वीज गेली आणि तो मुका झाला. बाई मात्र आपल्या बॅटरीवर चालू राहिल्या. त्यांचीच निवड झाली. त्यांनाच खरं वाटेना.

“वाचलो रे बाळा!” म्हणताना त्यांचा पंखा धापा टाकत होता. “आता फक्त कधीच बंद व्हायचं नाही. रात्री नाही, सणावारीही नाही.”

पेनड्राइव्हने विचारलं, “आई, भंगारात तरी झोपू देतात का गं?”